पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. माणूस लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर इमारतींच्या माथ्यावरच्या मशीनच्या खोलीत उभं राहायचं, मोटर सुरू करायची आणि डोळे मिटून ऐकायचं, कुठे काय कुरकुरतंय, कुठला दोर जास्त ताणलाय. या सवयीपायी झालं काय, की फार वर्षांपूर्वी एका रविवारी ते चष्मेवाल्याच्या दुकानात शिरले, आत रेकॉर्ड चालू होती, आणि दारात चपला काढता काढताच म्हणाले, हिचं भोक मधोमध नाही, सूर डोलतोय. चष्मेवाल्यानं पट्टी लावून मोजलं. खरंच भोक केसभर सरकलेलं निघालं. झालं, त्या दिवसापासून ते कानसेन. बायकोसुद्धा चिडली की याच नावानं हाक मारायची, फक्त तिचा सूर वेगळा असायचा.

चष्मेवाल्याच्या दुकानामागे डोळे तपासायची खोली होती. रविवारी दुकान बंद, म्हणून त्या खोलीत मंडळी जमायची. भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर, आणि पाच खुर्च्या. एक चष्मेवाल्याची. एक सिस्टरची, म्हणजे निवृत्त नर्सबाईंची, ज्यांच्यापुढे खोटं बोलायची भल्याभल्यांची छाती व्हायची नाही. एक बेकरीवाल्याची, तो रात्रभर भट्टीपाशी जागून यायचा, भुवयांना मैदा तसाच, आणि पहिल्याच गाण्याला पेंगायचा. चौथे टेलरमास्तर, गळ्यात माप घ्यायची टेप रविवारीही लटकलेली. पाचवे कानसेन.

काम एकच. या आठवड्यात कुठला अल्बम ऐकला ते एकेकानं सांगायचं. नियमही एकच, पण कडक: दोन्ही बाजू, बसून, मध्ये दुसरं काही काम न करता ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नसेल ऐकलं तर सरळ म्हणायचं, या आठवड्यात कोरडा. त्यात काही कमीपणा नव्हता. बेकरीवाला तर महिनोन्‌महिने कोरडा असायचा आणि त्याची चहाची बशी काही कुणी काढून घेतली नव्हती. आणि कुणाकडून रेकॉर्ड नेली असेल तर ती परत करताना सगळ्यांसमोर दोन शब्द बोलायचे, हा शिरस्ता.

पूर्वी एक सहावी खुर्ची होती. विमा एजंटची. त्यानं एकदा कुठल्याशा अल्बमची तोंड भरून स्तुती केली आणि कानसेनांनी त्याला शांतपणे विचारलं, पहिल्या बाजूचा शेवट कसा होतो? एजंट गडबडला. कानसेनांनी आणखी दोन प्रश्न विचारले. मग म्हणाले, "साहेब, पॉलिसी विकताय का?" सगळे खो खो हसले. बेकरीवालासुद्धा जागा होऊन हसला. एजंट पुढच्या रविवारी आला नाही, नंतरही कधी आला नाही, आणि रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं जायचा. कानसेन हा किस्सा वर्षानुवर्षं रंगवून सांगत असत.

असा हा माणूस. आणि गेलं वर्षभर त्यानं एकही रेकॉर्ड धड ऐकली नव्हती.

का, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सुरुवात साधी होती. एका आठवड्यात तीन लिफ्ट बंद पडल्या, घरी येऊन पाठ टेकायलाही फुरसत नाही, आणि रविवार उजाडला. कोरडा म्हणायचं तर जिभेवर आलं होतं. पण सगळे असे आशेनं बघत होते, की कव्हरच्या मागचं जे चाळलं होतं तेच त्यांनी जरा मीठमसाला लावून सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, वा, तुमच्याकडून ऐकलं की ऐकायची गरजच उरत नाही. तिथेच घात झाला. पुढे सवय लागली. रेकॉर्ड लावून बसलं की पाच मिनिटांत डोक्यात दुसऱ्याच गोष्टी फिरायला लागत, नाही तर डोळा लागे. आणि कव्हर वाचून, फोनवर चार ओळी बघून काम भागत होतं, नव्हे, जास्तच झकास होत होतं. बायकोला सगळं ठाऊक होतं. प्लेअरच्या झाकणावर ती इस्त्रीच्या कपड्यांची चळत ठेवायची आणि शनिवारी संध्याकाळी मुद्दाम विचारायची, कानसेन, हलवू का कपडे, की राहू देत? ते म्हणायचे, राहू देत.

मागच्या महिन्यात टेलरमास्तरांनी त्यांच्या हातात एक अल्बम दिला. एकट्या चेलोचा, जुन्या गोदामात ध्वनिमुद्रित केलेला. कव्हरवर समुद्रकाठी मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो. मास्तर म्हणाले, तुमचं मत हवंय, अगदी खरं खरं. मास्तर तसं कधी काही मागत नसत. तरी दोन रविवार कानसेनांनी ढकलले. एकदा म्हणाले, अजून एकदा ऐकू दे. मग म्हणाले, ही घाईनं बोलायची चीज नाही. मास्तरांनी दोन्ही वेळा नुसती मान हलवली, पण तिसऱ्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते आणि टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

चहा होता होता त्यांनी आपण होऊन घरची गोष्ट काढली. त्यांची मुलगी, चिमणी, औषधांच्या दुकानात काम करते आणि लहानपणापासून व्हायोलिन वाजवते, हे सगळ्यांना माहीत होतं. कापड कापायच्या टेबलाखाली बसून ती कुरकुर कुरकुर करायची, ते कानसेनांनी स्वतः पाहिलेलं. तर तिला दुसऱ्या शहरातल्या एका वाद्यवृंदात जागा देऊ केली होती. सोमवारी कळवायचं होतं. आणि पोरीचा पाय निघत नव्हता. म्हणत होती, बाबा, तुम्हाला माझं सगळंच गोड वाटणार. आपला हात खरंच तेवढा आहे का, हे परक्या माणसानं सांगितल्याशिवाय मी नोकरी सोडणार नाही.

सगळे म्हणाले, पाठवा हो तिला, विचार कसला करताय. कानसेनांनी मात्र हात वर करून सगळ्यांना थांबवलं. असं उगाच घोड्यावर बसवू नका, म्हणाले, आधी कुणा जाणत्याला ऐकवा.

"ऐकवायला दिलंय एकाला," मास्तर म्हणाले.

मग फेरी सुरू झाली आणि कानसेनांची पाळी आली. रेकॉर्ड आणायची राहून गेली, असं आधी सांगून टाकलं. खरं म्हणजे ती घरी इस्त्रीच्या चळतीखाली होती. आणि मग सुटले. काय बोलले, काय बोलले! त्या चेलोत गोदामाची भिंत ऐकू येते म्हणाले. सूर भिंतीला जाऊन टेकतो आणि जरा थांबून राहतो, म्हणाले, आणि उजव्या हाताचा पंजा हवेत तसाच धरून दाखवला. पहिली बाजू नुसती ओळख आहे, खरा जीव दुसऱ्या बाजूत आहे. सिस्टरनी चष्मा काढून डोळे पुसले. चष्मेवाला म्हणाला, याला म्हणतात कान.

टेलरमास्तर त्यांच्याकडे बघत होते. टेप बोटावरून सुटली होती आणि ती पुन्हा गुंडाळायचं त्यांना सुचलं नाही. मग म्हणाले, "बरं."

निघताना चपला घालायला दोघे एकदमच वाकले, तेव्हा मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "आज वेळ मिळाला तर एकदा ऐका ती."

"ऐकतो की," कानसेन म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेल्यावर त्यांना वाटलं, एवढं सांगितलं तरी परत ऐका काय?

घरी गेल्यावर जेवण झालं, बायको बहिणीकडे गेली, आणि कानसेनांनी ठरवलं की अल्बम पिशवीत घालून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी विसरायला नको. कपड्यांची चळत उचलली. कव्हर तिरकं झालं आणि आतली रेकॉर्ड घरंगळून हातात आली. महिनाभरात पहिल्यांदा.

लेबल पांढरं होतं. कोरं पांढरं, कंपनीचं नाव नाही, गाण्यांची नावं नाहीत. टेलरमास्तर कापडावर खुणा करतात तसल्या अक्षरात, पेन्सिलीनं, एकच शब्द: चिमणी.

कानसेनांनी ती उलटली. दुसरी बाजू गुळगुळीत होती. एकही रेघ नाही, आरशासारखी. तिच्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसला. एकच प्रत कापून देतात त्या दुकानातून करून घेतलेली, एकाच बाजूची रेकॉर्ड. आणि खरा जीव दुसऱ्या बाजूत आहे, असं सांगून आले होते चार माणसांसमोर.

ते होते तिथेच खाली बसले. सगळं उलगडत गेलं आणि एकेका गोष्टीनं कानाच्या पाळ्या तापत गेल्या. मास्तरांनी मुद्दाम दुसऱ्या कव्हरात घालून दिली होती, चारचौघांत आधीच पोरीचं नाव निघू नये म्हणून. रेकॉर्ड बाहेर काढली असती तर कुठलाही माणूस म्हणाला असता, मास्तर, हे भलतंच काय दिलंत? मास्तर त्याच वाक्याची वाट बघत बसले होते. तीन रविवार. आणि आज समोर बसून सगळं ऐकून घेतलं त्यांनी, ती भिंत, तो पंजा, ती दुसरी बाजू, आणि म्हणाले काय, तर बरं. एजंटला विचारले होते तसे दोन प्रश्न विचारायचे होते ना! विचारले नाहीत. उलट जाताना एक संधी देऊन गेले. धरणीनं पोटात घेतलं असतं तर कानसेन त्या क्षणी आनंदानं गेले असते.

मग त्यांनी रेकॉर्ड लावली. सुई दोनदा कडेवरून घसरली. बसायचं धैर्य नव्हतं, उभ्यानंच ऐकली. आणि काय सांगावं, वर्षभरानं त्या माणसाच्या कानात पुन्हा प्राण आला. पोरगी एकटीच वाजवत होती, साथीला कुणी नाही. सुरुवात जरा भित्री होती. पण मध्ये एका ठिकाणी ती वर चढताना तिचा सूर किंचित खाली लागला, आणि झाकपाक न करता ती मागे आली, तीच वाट पुन्हा चढली, आणि या वेळी तो सूर असा घट्ट धरला की कानसेन प्लेअरवर वाकले. सगळं आयुष्य ताणलेले दोर ऐकण्यात गेलेला माणूस तो. किती भार पेलेल हे त्याला ऐकून कळतं. हिचा हात पेलणारा होता. यात शंकाच नव्हती. कानसेनांना एकाच वेळी रडावंसं आणि कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

पुढे काय करायचं ते उघड होतं. फोन समोर पडला होता. मास्तरांना एवढंच म्हणायचं, मी खोटं बोललो, पण आता ऐकलीय, पोरीला पाठवा. संध्याकाळ अख्खी पडली होती.

नाही केला. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. पहिलं वाक्यच जमेना. प्लेअर बिघडला होता म्हणावं? पण मग बोललो ते कुठून आलं? याच अल्बमची दुसरी प्रत दुसरीकडे ऐकली म्हणावं? हे जरा बसत होतं, पण मास्तरांनी नुसतं बरं म्हटलं असतं तर? ते बरं पुन्हा ऐकायची त्यांची तयारी नव्हती. मग मनाची समजूत घातली, की जी पोरगी असं वाजवते ती माझ्या मतावाचून थोडीच अडणार आहे? ती जाणारच. सोमवारी सकाळी कामावर जाताना मास्तरांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेही. दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. तेवढ्यात कुठल्याशा इमारतीतून लिफ्ट अडकल्याचा फोन आला आणि कानसेनांना, लाज वाटावी अशी गोष्ट, सुटल्यासारखं झालं. मंगळवार असाच गेला. बायकोनं विचारलं, आजारी आहात का? ते म्हणाले, नाही. तिनं कपड्यांची चळत प्लेअरवर पुन्हा ठेवली नाही, आणि त्यांना तेही लागलं.

बुधवारी दुपारी मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला. रेकॉर्ड त्याच कव्हरात घालून, छातीशी धरून ते दुकानात गेले. वाटेत सगळं बोलणं घोकून ठेवलं होतं, आणि या वेळी त्यात एकही थाप नव्हती.

मास्तर कुणाच्या पँटीची खालची शिवण उसवत होते. चिमणी कापायच्या टेबलावर डबा उघडून बसली होती, औषधांच्या दुकानाचा पांढरा कोट अंगात तसाच. कानसेनांना बघून ती उठली, स्टूल पुसून दिलं. मास्तर म्हणाले, या. मान वर केली नाही.

कानसेनांनी कव्हर टेबलावर ठेवलं आणि तोंड उघडणार, तोच चिमणीच बोलली.

"काका, आधीच सांगते, मनाला लावून घेऊ नका. मी सोमवारी नाही म्हणून कळवलं."

कानसेनांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती मात्र अगदी समजुतीनं बोलत होती, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला गोळ्या समजावून द्याव्यात तशी. बाबा म्हणाले, कानसेन अजून काही बोललेले नाहीत, नीट ऐकल्याशिवाय ते बोलत नाहीत. रविवारी रात्री बाबा फोन जवळ घेऊन बसले होते बिचारे. पण तिला कळायचं ते कळलं. चांगलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी धावत आला असता, म्हणाली. वाईट बोलवत नव्हतं म्हणून गप्प राहिलात. कुणी खोटी स्तुती केली असती, तुम्ही केली नाहीत, याचं उलट बरंच वाटलं.

म्हणजे मास्तरांनी घरी सांगितलंच नव्हतं. ना भिंत, ना दुसरी बाजू. मित्राची अब्रू राखायला त्यांनी पोरीपुढे एवढंच सांगितलं की तो अजून बोललेला नाही, आणि त्या राखलेल्या अब्रूची किंमत पोरीनं मोजली.  स्टूल पुसलेलं होतं तरी कानसेनांना त्यावर बसवेना.

"मी ऐकलीच नव्हती," ते म्हणाले. "महिनाभर कव्हरातून बाहेरसुद्धा काढली नव्हती. आणि रविवारी चार लोकांत ऐकल्याचं सांगितलं. तुझ्या बाबांना तेव्हाच कळलं."

चिमणीनं वडिलांकडे पाहिलं. मास्तर दोरा ओढत राहिले.

"मग घरी जाऊन ऐकली," कानसेन घाईघाईनं म्हणाले. "चिमणे, फार चांगली आहे. खरंच सांगतो. त्या मधल्या जागी तू मागे येतेस ना, पुन्हा चढतेस, तिथे तो सूर जरा थांबून राहतो..."

आणि ते गप्प झाले. कारण त्यांचा उजवा पंजा हवेत वर गेला होता, अगदी रविवारी गेला होता तसा. शब्दही तेच निघाले होते. हे खरं होतं, त्यांनी वर्षात पहिल्यांदा कानात प्राण आणून ऐकलेलं, पोटातून आलेलं खरं होतं. पण ते सांगायला त्यांच्याजवळ तेच वापरलेले शब्द आणि तोच हात उरला होता. मास्तरांनीही मान वर करून त्या पंजाकडे पाहिलं. कानसेनांनी हात खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

त्यांनी विचारलं, अजून कळवता येईल का? चिमणी म्हणाली, जागा लगेच दुसऱ्या कुणाला गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. आजारी माणसाकडे बघून हसावं तसं हसली, थँक्यू काका म्हणाली, डब्याचं झाकण लावलं आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेली. तिचा एका शब्दावरही विश्वास बसला नव्हता, आणि तो बसावा असं कानसेनांनी काही केलंही नव्हतं.

मास्तरांनी कव्हरातून रेकॉर्ड काढली, पांढऱ्या लेबलवरून अंगठा फिरवला आणि ती कापडाच्या घड्यांमध्ये सपाट ठेवून दिली. कानसेन दारापर्यंत गेले. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण क्षमा मागायला तोंड उघडलं असतं तर तेही छान वठलं असतं, अशी त्यांना भीती वाटली.

"रविवारी या," मागून मास्तर म्हणाले. "मी तिथे कुणाला काही बोललेलो नाही."

कानसेनांनी मान हलवली आणि गल्लीत उतरले. कोपऱ्यावर समोरून चष्मेवाला येताना दिसला, लांबूनच हात हलवत. कानसेन रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले.